करंजाच्या सालीवरच्या काळ्या रेघा

तुमच्या दारात करंज, फणस किंवा तरणा आंबा असेल, तर हा अंक जरा वेळ पालथा ठेवा आणि खोडाशी नाक भिडवून उभे राहा. शेजारी हसतील, हसू द्या. मला आयुष्यभर हसले. सालीवर कुठंतरी करडा-पांढरा डाग दिसेल, चुना सांडून वाळल्यासारखा. त्या डागावर जर बारीक काळ्या रेघा असतील, सरळ, वाकड्या, फाटे फुटलेल्या, मुंगी शाईत पाय बुडवून फिरून गेल्यासारख्या, तर खुशाल ओरडा. तुमच्या दारात ग्राफिस आहे!

मी सुरतेच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. मूळचा खानदेशातला, राहायला सुरतेतल्याच लिंबायतला. आमच्या गल्लीतली सगळी माणसं लूमवर जायची आणि मी एकटा झाडांच्या साली गोळा करायचो. संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा’ म्हटलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. कारण या धंद्यात एक नाव चुकीच्या जागी पडून आहे आणि ते तिथं मीच टाकलेलं आहे. पण आधी ग्राफिस. तिच्याबद्दल बोलायला लागलो की या वयातही मला कोणीतरी थांबवावं लागतं.

ग्राफिस ही शैवाकांची एक प्रजाती. शैवाक म्हणजे एक वनस्पती नव्हे, दोघांचा संसार. बुरशी घर बांधते, शेवाळ त्या घरात बसून उन्हावर स्वयंपाक करतं, आणि दोघं मिळून खातात. तुम्ही म्हणाल, असलं काही आम्ही पाहिलं नाही. पाहिलंय, खाल्लंयसुद्धा. काळ्या मसाल्यातलं दगडफूल हे शैवाकच. पण दगडफूल पापुद्र्यासारखं सुटं असतं, हातानं उचलता येतं. ग्राफिस त्याच गोतातली चिकट मंडळी. ती सालीला अशी बिलगते की सोडवायला गेलात तर साल घेऊनच येते. म्हणून आमची हत्यारं पटाशी, हातोडी आणि भिंग. डागावर नख ओढलं की खालून शेवाळाचा हिरवट-नारिंगी रंग दिसतो. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मी एकटाच झाडाखाली टाळ्या वाजवल्या होत्या.

आता त्या रेघा. रेघ म्हणजे बुरशीचं फळ. तिला दोन ओठ असतात, कोळशासारखे काळे आणि कडक, आणि ओठांच्या फटीखाली पिशव्या. पिशवीत बीजाणू. रेघ पाण्यात भिजवायची, दाढीच्या पात्यानं कांद्याच्या सालीहून पातळ काप घ्यायचा, काचेवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. ग्राफिसचा बीजाणू म्हणजे लांबट, काचेसारखी स्वच्छ शेंग, आणि शेंगेत मसुराचे दाणे एका रांगेत बसवल्यासारखे कप्पे. इतकं नीटनेटकं काम मी सुरतेच्या जरीवाल्यांकडेही पाहिलं नाही.

त्या काळी या रेघवाल्यांची वर्गवारी म्हणजे चार खोल्यांची चाळ होती. दारात उभं राहून दोन प्रश्न विचारायचे. बीजाणू रंगहीन की तपकिरी? आतले पडदे नुसते आडवे, की विटांच्या भिंतीसारखे आडवे-उभे? रंगहीन आणि आडवे पडदे, ती ग्राफिस. रंगहीन आणि विटांची भिंत, ती ग्राफिना. तपकिरी आणि आडवे, ती फिओग्राफिस. तपकिरी आणि विटा, ती फिओग्राफिना. आणि शंका आली तर पंच म्हणून आयोडीनचा थेंब. ग्राफिसचा बीजाणू त्यात निळा-जांभळा होतो, फिओग्राफिसचा लालसर तपकिरी. हा थेंब लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

एवढ्या साध्या धंद्यात गिऱ्हाईक कुठून येणार, असं वाटेल. येत होती. उधन्याकडून एक गृहस्थ टॉवेलात गुंडाळून सालीचा तुकडा घेऊन आले. दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, “साहेब, आमां शुं लख्युं छे?”

म्हटलं, कोणी काही लिहिलेलं नाही, ही बुरशी आहे. ते हसले. “समजी गयो. तमारो भाग राखीश.” त्यांच्या वाडीत पूर्वजांनी काहीतरी पुरलंय अशी त्यांची खात्री होती आणि ही त्याची खूण. मी त्यांना सूक्ष्मदर्शकात बीजाणू दाखवले. बराच वेळ पाहून म्हणाले, “मोती छे!” मी म्हटलं, हो, हाच तुमचा खजिना. ते नाराज होऊन गेले, साल मात्र मला ठेवून गेले. माझ्या संग्रहातला तो फार देखणा नमुना.

माझ्यासारखीच वेडी झालेली दुसरी व्यक्ती म्हणजे प्रमिला पाटील. आमच्या विभागात ती हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होती, माझ्याकडे ग्राफिसवर पीएच.डी. करत होती, आणि राहायची लिंबायतलाच, आमच्या मागच्या गल्लीत. कॉलेजात ती मला ‘सर’ म्हणे. रिक्षात बसलो की ‘भाऊ’ सुरू. माहेर अमळनेरकडचं, त्यामुळे जीभ तिखट. माझा काप जाड आला की म्हणायची, “सर, हा काप आहे का पाटा?” तिचे काप मात्र इतके पातळ की काचेवर ठेवल्यावर शोधावे लागत.

तिचा नवरा सुरेश सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका प्रिंटिंग मिलमध्ये साड्यांच्या छपाईची स्क्रीन बनवायचा. एकदा तिला न्यायला आला, वाट बघता बघता त्यानं भिंगातून साल पाहिली आणि तिथंच कागद मागितला. महिन्याभरात त्यानं त्या रेघांची साडी छापून आणली. राखाडी जमिनीवर काळ्या रेघा. मिलच्या मालकाला चॉकलेटी हव्या होत्या, पण सुरेश म्हणाला, “बायको घरात घेनार नाही. म्हणते, ओठ काळेच पाहिजेत.” बाजारात ती साडी चालली की नाही मला माहीत नाही. प्रमिलाकडे एक होती.

सुरतेत चौऱ्याण्णवला प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. शहर झाडून-पुसून, रस्ते रुंद करून निघालं होतं. जिथं तिथं झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू. धूर आणि चुना, दोन्ही शैवाकांचे वैरी. शहरात ग्राफिस मिळेल ही आशा मी सोडली होती. आम्ही डांगच्या जंगलात जायचो, तिथं ती भरपूर. अशात प्रमिला एका सकाळी प्रयोगशाळेत धावत आली. पदर खोचलेला, दम लागलेला.

“सर, नवागामात आहे!”

“काय आहे?”

“चला तर आधी!”

मी वर्गावरचा तास अर्ध्यावर सोडून तिच्यामागं गेलो. शहरातल्याच नवागामात, मजुरांच्या खोल्यांच्या दाटीत, पाण्याच्या टाकीला लागून एक जुना करंज होता. टाकी गळायची, त्यामुळे बुंधा कायम गार आणि ओलसर. आणि त्या बुंध्यावर, माणसाच्या छातीच्या उंचीला, हातरुमालाएवढा करडा डाग. त्यावर रेघाच रेघा! मी गुडघ्यावर बसलो, मग उभा राहिलो, मग पुन्हा बसलो. पटाशी काढून पहिला ठोका घातला, तेवढ्यात मागून आवाज आला.

“ओ भाऊ, झाडले कसाले कोरी राह्यना?”

कमरेवर हंडा घेतलेल्या वत्सलाआक्का. त्या गल्लीचा कारभार त्यांच्याकडे. मी सांगितलं, झाडावर एक जीव आहे, त्याचा अभ्यास करतो.

“झाडले खरूज व्हयनी का?”

“नाही हो आक्का, खरूज नाही. दगडफूल माहीत आहे ना? त्याची बहीण.”

“मंग मसालामा टाकाले चाले का?” बायका हसल्या. प्रमिला तर सगळ्यात जास्त. तिनं आक्कांच्या हातात भिंग दिलं. आक्कांनी एक डोळा मिटून पाहिलं, आणि त्यांचं हसू थांबलं. “आय वं! आठे तं कोनी तरी रांगोळी काढेल शे!” मग अख्खी गल्ली भिंगासाठी रांगेत. मी एक मोठा आणि काही लहान तुकडे काढले. बाकीचा डाग झाडावरच ठेवला. सगळं काढायचं नसतं, हा आमच्या धंद्याचा धर्म.

प्रयोगशाळेत आल्यावर आम्ही दोघांनी आपापल्या टेबलावर काप घेतले. आणि इथं मी चुकलो. कसा चुकलो ते नीट सांगतो, कारण ही चूक फक्त आमच्याच धंद्यातला माणूस करू शकतो.

डागाच्या मधोमध एक भरदार रेघ होती. लांब, रुंद, ओठ छान उघडलेले. मी तीच घेतली. पाहतो तो काय, बीजाणू तपकिरी! आडवे पडदे, तपकिरी रंग, उघडे ओठ. फिओग्राफिस! आणि माझ्याकडच्या ग्रंथांतल्या एकाही फिओग्राफिसशी ती जुळेना. म्हणजे नवी जाती. सुरतेच्या धुरात, पाण्याच्या टाकीशेजारी उगवलेली, शास्त्राला माहीत नसलेली जाती! मी खुर्चीवरून उठून व्हरांड्यात दोन चकरा मारून आलो.

प्रमिलानं माझ्या काचेला डोळा लावला आणि म्हणाली, “सर, ही रेघ म्हातारी आहे.”

“म्हातारी?”

“ओठ थकून उघडे पडलेत. पिशव्या रिकाम्या आहेत. आत उरलेत ते मेलेले बीजाणू. मेल्यावर रंगहीन बीजाणूसुद्धा काळवंडतात. माझ्या काचेत बघा, स्वच्छ आहेत. ही ग्राफिस आहे.”

“तू कुठली रेघ घेतलीस?”

“काठाजवळची.”

“मग तुझी कच्ची आहे. तपकिरी बीजाणू कोवळेपणी रंगहीनच दिसतात. हे मीच तुला शिकवलंय.”

“म्हणून तर अगदी काठावरची नाही घेतली. ना कोवळी ना म्हातारी. हे पण तुम्हीच शिकवलंय.” तिनं खिडकीतल्या बाटलीकडे बोट दाखवलं. “आयोडीन लावा ना.”

मी आयोडीन लावलं. काही झालं नाही. निळं नाही, लाल नाही. तिनं बाटली उजेडात धरली. बूच सैल होतं, अख्खा उन्हाळा बाटली खिडकीत होती. “सर, यात आयोडीन उरलं नाही. चहा आहे हा.”

तिनं ताजं आयोडीन तयार केलं. आपल्या कापावर थेंब सोडला. पाहिलं. आणि स्टुलावरून उठून मला जागा करून दिली. “या सर. बघा.”

मी गेलो नाही. दहा पावलंसुद्धा नव्हतं तिचं टेबल. मी म्हटलं, “नंतर बघतो,” आणि प्राचार्यांच्या खोलीकडे निघालो, नव्या जातीची बातमी द्यायला. ते ‘नंतर’ यायला किती वर्षं गेली, ते पुढं येईलच.

पुढचे दिवस म्हणजे आनंदीआनंद होता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो हवा होता. एका परिसंवादात मी नवी जाती जाहीर केली. गुजराती पेपरात चार ओळी आल्या. लिंबायतच्या आमच्या समाजाच्या मंडळींनी बोलावून शाल-श्रीफळ दिलं. सगळे लूमवरचे, साच्यावरचे, रंगखात्यातले लोक. एक जण माइकवर म्हणाला, “आतापर्यंत सुरतेत आपल्या लोकाइनं कापड काढलं, आता झाड काढलं!” टाळ्या थांबेनात. वत्सलाआक्का पहिल्या रांगेत होत्या. प्रमिला शेवटच्या.

नंतर श्रावण आला. खानदेशी माणूस सुरतेत असो नाहीतर आणखी कुठं, आमची देवी कानबाई बसल्याशिवाय त्याचा श्रावण पुरा होत नाही. त्या वर्षी नवागामच्या त्या गल्लीनं कानबाई करंजाखाली बसवायचं ठरवलं. पेपरात नाव आलेलं झाड! मला मानानं आमंत्रण. मी सकाळी गेलो. नैवेद्याच्या रोटांचा वास, डफ, बायकांची गाणी. वत्सलाआक्कांनी माझा हात धरून मला झाडापाशी नेलं आणि अभिमानानं म्हणाल्या, “देख भाऊ, कशे सजाडेल शे तुनं झाड!”

बुंधा खालपासून माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत चुन्यानं पांढराशुभ्र. वर गेरूचा पट्टा. रंगवण्याआधी तारेच्या ब्रशानं घासून साफ केला होता. मी शोधलेल्या नव्या जातीच्या सन्मानासाठी.

मी आक्कांना काय सांगणार? त्यांच्या डोळ्यांत इतका आनंद होता. मी चुन्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “फार छान.” प्रमिला माझ्या शेजारी उभी होती. ती पुटपुटली, “भाऊ, आता आपल्याकडं आहे तेवढंच.” म्हणजे पाकिटातले चार तुकडे. झाडावर जाऊन पुन्हा खात्री करायची सोय संपली.

वर्षभरात प्रमिलाचा प्रबंध तयार झाला. सगळी प्रजाती तिनं सुंदर मांडली होती. ओठांवरून गट, पडद्यांवरून गट, पोटॅशच्या थेंबानं पिवळ्या-लाल होणाऱ्या कोणत्या, न होणाऱ्या कोणत्या. नवागामच्या नमुन्यापाशी तिनं लिहिलं होतं, ग्राफिस. मी मार्गदर्शक. तिच्याच प्रबंधात माझी नवी जाती नाही, असं कसं चालेल?

“प्रमिला, ते पान बदल.”

“सर, मी तुम्हाला काच दाखवली होती.”

“मी जाहीर केलंय.”

“म्हणून ती तपकिरी होणार आहे का?”

मी म्हणालो, पान बदललं नाही तर मी सही करणार नाही. हेच शब्द. तिला त्या वर्षी प्रबंध पुरा करणं भाग होतं. विभागात कायम जागा निघणार होती, आणि पीएच.डी. असेल तरच ती तिला मिळणार होती. हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. तिनं पान बदललं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी ती सुरेशनं छापलेली ती साडी नेसून आली. राखाडीवर काळ्या रेघा. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, “परीक्षकांना पहिला प्रश्न साडीवरच विचारू दे.” परीक्षक बाहेरगावचे, शैवाकांवर केस पिकवलेले. त्यांनी खरंच साडी ओळखली. हसून म्हणाले, “अरे वा, ग्राफिस नेसून आलात!” वातावरण कसं मोकळं झालं. तिनं पाऊण तास अशी उत्तरं दिली की मला माझ्या शिकवण्याचा हेवा वाटावा.

मग त्यांनी ते पान काढलं. “ही फिओग्राफिस. आयोडीन लावलं होतं?”

“हो सर.”

“रंग?”

खोटं तिला सांगता यायचं नाही. “निळा-जांभळा.”

“मग ही फिओग्राफिस कशी?”

प्रमिलानं माझ्याकडे पाहिलं. साऱ्या खोलीनं पाहिलं, निदान मला तसं वाटलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की ते पान माझ्या सांगण्यावरून आहे. मी तिच्या पदरावरच्या रेघा बघत बसलो. एक रेघ वळून पुन्हा स्वतःलाच मिळाली होती, सुरेशच्या हातून चुकून. ग्राफिसमध्ये तसं होत नाही.

“चूक झाली, सर,” ती म्हणाली.

“कोणाची?” परीक्षकांनी विचारलं. ते मुरलेले होते, त्यांना वास आला होता. अजून वेळ होता.

“माझी.”

प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. तेवढ्यात कायम जागेच्या मुलाखती होऊन गेल्या. मी तिला म्हटलं, “दुरुस्त करून दे, मी लगेच पाठवतो.” ती “हो सर” म्हणाली आणि परत आली नाही. एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. त्यानंतर भाजीबाजारात, रिक्षात, कानबाईच्या मिरवणुकीत, कुठंही भेटली तरी मी ‘सर’. भाऊ पुन्हा ऐकलं नाही.

मी निवृत्त झालो. मग एक मोठी बातमी आली. ती वाचताना मी पुन्हा खुर्चीवरून उठलो. जगभरच्या अभ्यासकांनी त्या चार खोल्यांच्या चाळीच्या भिंती पाडल्या होत्या! नुसत्या पडद्यांवरून घरं वेगळी करता येत नाहीत, रेघेचे ओठ कसे आहेत, किती कोळसलेले आहेत, तेही बघायला हवं. बरीचशी ग्राफिना आता ग्राफिसमध्येच. वाचताना माझ्या मनात एक लबाड आशा उगवली. सगळंच बदललं असेल, तर कदाचित माझीही चूक त्या पडझडीत बुजून गेली असेल? मी अधाशासारखी पानं उलटली. नाही. तपकिरीवाले वेगळेच राहिले होते. रंगहीन ते रंगहीन, आणि आयोडीनचा थेंब अजून तोच न्याय देत होता. मी ग्रंथ मिटला आणि हसलो. ग्राफिस माणसाची भीड धरत नाही, म्हणून तर ती मला आवडते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नमुन्यावर कोणी चुकीचं नाव लिहिलं असेल, तर ती चिठ्ठी फाडायची नाही. तिच्याखाली नवी चिठ्ठी लावायची, बरोबर नाव लिहायचं आणि ज्यानं ते ओळखलं त्यानं सही करायची. चूक आणि दुरुस्ती दोन्ही एकाच पाकिटावर राहतात. गेल्या वर्षी मी कॉलेजात जाऊन नवागामचं पाकीट रीतसर मागून घेतलं, माझा आरशाचा जुना सूक्ष्मदर्शक रिक्षात मांडीवर घेतला आणि प्रमिलाच्या घरी गेलो. ताजं आयोडीनही नेलं. बूच घट्ट.

तिनं दार उघडलं. तीही आता निवृत्त, केस पांढरे. “या सर. मागच्याच गल्लीत यायचं होतं, रिक्षावाल्यानं लांबून फिरवलं वाटतं.”

सुरेश हसत चहा करायला आत गेला. मी पाकीट पुढं केलं आणि कोरी चिठ्ठी. म्हटलं, “यावर तुझं नाव पाहिजे. सही कर. बाकी सगळं मी दिवाळी अंकात लिहिणार आहे, विचारायला आलोय.”

“लिहा की. त्यात विचारायचं काय?” तिनं चिठ्ठी उलटसुलट पाहिली. “पण सही? न बघता? ती तुमची पद्धत, माझी नाही.”

तिनं चष्मा बदलला, खिडकीचा पडदा सरकवला. तुकडा भिजवला. मी पातं दिलं. काठावरची नाही, मधली नाही, दोन्हींच्या अधलीमधली एक बंद ओठांची रेघ तिनं निवडली. काप काचेवर ठेवला, शोधावा लागला. आयोडीनचा थेंब सोडला. डोळा लावला, आरसा फिरवला, बराच वेळ पाहिलं. उठली आणि स्टूल मोकळं केलं.

“या. बघा.”

मी बसलो. आधी धूसर, मग स्क्रू फिरवला आणि ते समोर आले. पिशवीत ओळीनं बसलेले, मसुराच्या दाण्यांच्या शेंगा, इतक्या वर्षांनी, सालीला पाणी मिळताच टपोरे झालेले. आणि रंग! तिन्हीसांजेला पश्चिमेला असतो तसा, निळा होता होता जांभळा. इतकं सुंदर काही त्या दिवशी माझ्यासाठी दहा पावलांवर होतं.

“काय दिसतं?” तिनं विचारलं.

“निळा-जांभळा,” मी म्हणालो.

“मोठ्यानं सांगा. त्या दिवशी परीक्षकांना ऐकू गेलं नव्हतं.”

मी डोळा न काढता ओरडलो, “निळा-जांभळा! बीजाणू रंगहीन! ही ग्राफिस आहे, प्रमिला पाटलांनी ओळखलेली! फिओग्राफिस म्हणणारा मी चुकलो होतो!”

समोरच्या शेजाऱ्यांचं दार उघडलं. सुरेश चहाचं पातेलं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर धावला. “काय व्हयनं वं? कसाले बोंबली राह्यनात?”

प्रमिला चिठ्ठीवर वाकून सही करत होती. मान वर न करता म्हणाली, “काही नई. भाऊले दिसनं.”